भरीव भिंत

“या भिंतीत एक देवळी होती. कुठं होती ते नेमकं हात लावून दाखवा आणि मोराच्या पदराची साडी घेऊन जा,” रमाकांतनं पाहुण्यांना सांगितलं, तशी सगळी मंडळी हसत हसत भिंतीकडं सरकली.

दसऱ्याची संध्याकाळ होती. येवल्यात आमच्या बाराघरातल्या पाचव्या घरात रमाकांतनं पैठणीचं दुकान थाटलं होतं, त्याचं त्या दिवशी उद्घाटन. बाहेर ताशा वाजत होता. मी कोपऱ्यात उभा होतो, खांद्यावर कोरी शाल आणि हातात मानाचा नारळ. हा मान मला त्या भिंतीसाठीच मिळाला होता. देवळी बुजवून वरचा गिलावा मी केला होता आणि आसपासच्या चार गावांत चुन्याचं काम करणारा माझ्यासारखा गवंडी तेव्हा नव्हता. हे मी नाही म्हणत, लोक म्हणायचे. मीही म्हणायचो.

नाशिकहून आलेल्या एक बाई बोटानं टिचक्या मारत भिंतभर फिरल्या. एका पेन्शनर इंजिनियरांनी बोटातली अंगठी काढून ती ठिकठिकाणी आपटून पाहिली, कान लावला, पुन्हा आपटली. शेवटी हात टेकले.

“सगळीकडं सारखंच भरीव वाजतंय हो. पोकळ नाही, सांधा नाही. मिस्त्री, मानलं तुम्हाला.”

माझी छाती फुगली. आणि तेवढ्यात मला तो आवाज आला. टक टक. टक टक. भिंतीच्या पलीकडून, पार खालून, जमिनीजवळून. पलीकडं सहावं घर, आणि तिथं माझी आई एकटी राहत होती. मी मनात म्हटलं, म्हातारी रुसलीय, बसू दे वाजवत.

गेली सव्वीस वर्षं मी लोकांना सांगत आलोय, की ताशाच्या आवाजात मला काही ऐकू आलं नाही. आलं होतं.

बाराघर म्हणजे एका छपराखाली एकमेकांना चिकटून उभी असलेली बारा घरं. कुणा व्यापाऱ्यानं आपल्या विणकरांसाठी एका दमात बांधलेली. पुढं रस्त्याला लागून मागाची खोली, तिथं जमिनीत खड्डा, त्यात पाय सोडून विणकर बसायचा. मधे माजघर. मागं चूल आणि परस. वर माडी, तिथं रेशीम वाळायचं. उजेड यायचा तो फक्त पुढून आणि मागून, कारण दोन्ही अंगांना शेजाऱ्याची भिंत. मधल्या माजघरात भर दुपारी सुईत दोरा ओवता यायचा नाही. म्हणून बांधणाऱ्यानं दोन दोन घरांची जोडी धरून मधल्या भिंतीत खांद्याच्या उंचीवर एक आरपार देवळी ठेवली होती. तीत एक दिवा ठेवला की दोन्ही माजघरं उजळायची. तेल एक दिवस या घराचं, एक दिवस त्या घराचं.

दिवा लावला की तेलाची पळी देवळीच्या दगडावर दोनदा वाजवायची आणि म्हणायचं, “लागला गं.” पलीकडचीनं, हातात काहीही काम असो, म्हणायचं, “दिसला गं.” एवढंच. वीज आली, तरी आमच्या जोडीत हे चालू राहिलं. माझी आई कौसल्या आणि शेजारची गोदामावशी, म्हणजे रमाकांतची आई, यांचं एकदा वाळवणावरून जुंपलं तर सात महिने बोलणं बंद होतं. त्या सात महिन्यांतसुद्धा “लागला गं” आणि “दिसला गं” एक दिवस चुकलं नाही. तोंडं मात्र दोघींची दोन दिशांना असायची.

हळूहळू माग थांबले. एका घरात पिठाची गिरणी आली, एकात शिकवणी, एकात एसटीडी बूथ. कुणी देवळीत कपाट बसवलं, कुणी टीव्हीसाठी भिंत सपाट करून घेतली. आमच्या घरचा खड्डा तर मीच भरला. वडील गेले तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो, मागावर बसायचं नाही हे पक्कं ठरवलेलं, गवंड्याच्या हाताखाली जायला लागलो होतो. आधीची दोन मुलं गेली म्हणून माझं नाव दगडू ठेवलेलं, तेव्हा दगडातच हात घातला म्हणून सगळे हसायचे. खड्डा भरला, वर कोबा केला, घोटून आरसा केला. आई पुढं कितीतरी महिने त्या जागेला वळसा घालून चालायची. “आई, आता सपाट आहे तिथं,” मी म्हणायचो. “माहीत आहे रे. पायांना माहीत नाही,” ती म्हणायची.

लग्नानंतर मी स्टेशनच्या बाजूला दोन खोल्या बांधल्या. रत्नमाला, मी आणि आमची मुलगी तिकडं गेलो. आई आली नाही. तिला चक्कर यायची. एकदा परसात पडली, कपाळाला तीन टाके पडले. मी रोज विनवायचो, चिडायचो. रत्नमालानं तर तिची खोली सारवून, खाट टाकून तयार ठेवली होती.

“ये ना आई. मला तिकडं झोप लागत नाही.”

“आले असते रे. पण माझ्या पाळीला दिवा कोण लावणार? गोदीनं अंधारात बसायचं?”

“गोदामावशीकडं ट्यूबलाइट आहे.”

“ट्यूबलाइटला कोण विचारतंय?”

हे असं चार वर्षं चाललं. मग रमाकांत नाशिकची नोकरी सोडून आला. पुढची खोली आणि माजघर एक करून दुकान काढायचं, एसी बसवायचा, आई मागच्या खोलीत राहील, असा त्याचा बेत होता. तो माझा लहानपणचा सोबती. म्हणाला, “दगडू, एसी लावला की त्या देवळीतून सगळी हवा तुझ्या आईकडं जाणार. काहीतरी कर बाबा.”

मी म्हटलं, “बुजवून टाकतो.”

त्यानं डोळे मोठे केले. “काकूला चालेल?”

“माझी आई आहे. मी बघतो.”

कामाचा लोभ नव्हता मला. मला देवळी बंदच हवी होती. देवळी गेली की तिच्याजवळ कारण उरणार नाही आणि ती मुकाट माझ्या घरी येईल, एवढा साधा हिशेब होता माझा.

श्रावणात मी काम काढलं. पाचव्या घराच्या बाजूनं विटा रचत होतो, आणि आई पलीकडं माजघरात उभी राहून देवळीतून माझ्याकडं बघत होती. माझं तोंड आणि तिचं तोंड यांत हातभर अंतर.

“दगडू, वीतभर तरी ठेव.”

“हवा जाते आई.”

“मग काच बसव एखादी. दिवा दिसला म्हणजे झालं.”

“काच बरी दिसत नाही दुकानात.”

“रमाकांत म्हणाला तसं?”

“हो,” मी म्हटलं. रमाकांतला मी विचारलंच नव्हतं.

मी थर चढवत गेलो. शेवटची वीट बसवायच्या आधी फटीतून तिचा एक डोळा तेवढा दिसत होता. ती हलली नाही. मी वीट बसवली, करणीनं चुना दाबला आणि कडा साफ केल्या. तिच्या बाजूला निम्मी खोल देवळी तशीच राहू दिली, म्हटलं देव ठेवेल. अलीकडं मात्र चुन्यात विटांची बारीक सुरखी घालून असं घोटलं की माझं मलाच कौतुक वाटलं. पुढं रमाकांतच्या सुतारानं लाकडी खांब फळ्यांनी झाकले, जुन्या चौकटी काढल्या, रंग दिला. माजघर होतं हेसुद्धा ओळखू येईना.

आठवड्याभरानं आई म्हणाली, “दसरा येऊ दे. दसऱ्याच्या दिवशी येते तुझ्याकडं.” मी आनंदानं घरी पळत जाऊन रत्नमालाला सांगितलं. जिंकलो असं वाटलं मला.

मधे एकदा दुकानात फरशीचं काम चालू होतं, तेव्हा गोदामावशी मागच्या खोलीतून आली आणि माझ्याजवळ उकिडवी बसली.

“दगडू, ती अजून दिवा लावते रे. रोज. माझ्या पाळीलाही तीच लावते. पळी वाजवते, ते दगडातनं ऐकू येतं मला.”

“सवय आहे मावशी. जाईल.”

“मी ओरडून सांगते दिसला म्हणून. तिच्यापर्यंत जात नाही वाटतं.”

“दिवा दिसत नाही आणि दिसला काय सांगता?”

“मग काय सांगू?” ती म्हणाली. जरा वेळ फरशीवरून हात फिरवत राहिली. “मला गुडघ्यांनी पायरी उतरवत नाही, तीही आताशा दाराबाहेर पडत नाही. तू सांग तिला. म्हणावं, गोदी रोज उत्तर देते. तुला ऐकू येत नसलं तरी देते.”

“सांगतो,” मी म्हटलं.

दसऱ्याला दुपारी चार वाजता मी आईकडं गेलो. ट्रंक भरून दाराशी ठेवलेली. नवं लुगडं नेसली होती. मी म्हटलं, चल ना उद्घाटनाला, तिथून परस्पर घरी जाऊ.

“तू हो पुढं. दिवेलागण झाली की दिवा लावते आणि येते. आजचा दिवस लावू दे.”

“दार लावून घे. बाहेर गर्दी आहे,” मी म्हटलं. मी पाठ फिरवली तसा तिनं आतून अडसर सरकवल्याचा आवाज ऐकू आला.

आणि मी इकडं येऊन शाल घेतली, नारळ घेतला, आणि लोकांच्या टिचक्या ऐकत उभा राहिलो.

टक टक. टक टक. साडीचा खेळ संपला, कुणालाच साडी मिळाली नाही. पेढे फिरले. इंजिनियर मला चुन्यात गूळ किती घालायचा ते विचारत होते आणि मी रंगवून सांगत होतो. रमाकांतनं गोदामावशीला बाहेर मंडपात बायकांना हळदीकुंकू द्यायला बसवलं होतं. दोघीजणींच्या आधारानं ती आत आली, तेव्हा दिवस पार बुडाला होता. ती भिंतीजवळून जाता जाता थांबली.

“दगडू.”

“काय मावशी?”

“कौसा थांबंना.”

“आज जरा—”

“ती दोनदा वाजवते. पन्नास वर्षं दोनदाच वाजवते. ही थांबंना रे.”

माझ्या हातातला नारळ कुठं गेला मला आठवत नाही. मी बाहेर पळालो, सहाव्या घराच्या दारावर धडका दिल्या. सागवानी दार, आतून अडसर. “आई, दार उघड.” आत नुसतं टक टक, टक टक, आता मंद. मागच्या परसाचं दारही बंद. बाराघरात बाजूनं शिरायला वाट नाही, दोन्ही अंगांना भिंतीच. रमाकांतनं दोघांना कौलांवर चढवलं, माडीच्या झरोक्यातून उतरायला. मी दुकानात परत आलो आणि जिन्याखालची माझी हत्यारं ओढली. अडीच फुटांची दगडी भिंत. ती फुटायला रात्र गेली असती. फुटण्यासारखी एकच जागा होती तिच्यात.

मी हातोड्यानं वाजवत गेलो. भरीव. एक हात डावीकडं. भरीव. मी खांबापासून मापं घेतली होती, खांब फळ्यांत गेला होता. चौकटीपासून मोजलं होतं, चौकट निघाली होती. अंदाजानं छिन्नी लावली, घाव घातला. दगड. दुसरीकडं घातला. दगड. नवा रंग उडून पाहुण्यांच्या कपड्यांवर पडत होता. तिसरीकडं घातला. दगड. पलीकडचं टक टक ऐकू येत होतं आणि माझंच काम मला सापडत नव्हतं.

“सरक,” गोदामावशी म्हणाली.

ती मागच्या खोलीच्या उंबऱ्यापाशी गेली. तिथं पूर्वी तिची चूल होती. डोळे मिटले. मग कुणाचा हात न धरता, त्या दुखऱ्या गुडघ्यांनी, सहा पावलं चालत आली, जरा डावीकडं वळली आणि तळहातावर दिवा असल्यासारखा उजवा हात उचलून भिंतीला लावला.

“इथं ठेवायचे मी,” ती म्हणाली.

मी तिच्या बोटांशेजारी छिन्नी लावली. वीट लागली. दुसऱ्या घावाला वीट तडकली, पाचव्याला आत पडली, आणि त्या भोकातून पिवळा उजेड आला. दिवा लागलेला होता.

मी ओरडणार तेवढ्यात गोदामावशीनं मला बाजूला केलं आणि तोंड भोकाला लावलं.

“दिसला गं,” ती म्हणाली. “कौसे, दिसला गं. दिसला.”

टक टक थांबलं.

कौलांवरून उतरलेल्यांनी अडसर काढला, तेव्हा मी दारातच होतो. आई देवळीखाली भिंतीला डोकं लावून पडली होती. पळी हातात होती. मी तिला मांडीवर घेतलं. अंग गरम होतं, पण ती नव्हती. डॉक्टर आले, म्हणाले मेंदूत रक्तस्राव झाला, तास-दीड तास पडून असाव्यात. तो तास मी मोजून सांगू शकतो. त्यात नाशिकच्या बाईंच्या टिचक्या होत्या, इंजिनियरांची अंगठी होती आणि चुन्यातला गूळ होता. ट्रंक दाराशी तशीच होती. उघडून पाहिली, तर वर कोपऱ्यात चिंध्यांची गादी करून वाटीएवढी जागा रिकामी ठेवलेली होती. दिवा बांधायचा राहिला होता.

दहाव्याला रमाकांत माझ्याजवळ बसला.

“काच बसवली असती तरी चाललं असतं रे मला,” तो म्हणाला. “मला सुचलंच नाही. तू तरी म्हणायचंस.”

मी मान हलवली.

तेराव्यानंतर मी घर आवरायला गेलो. भोक तसंच होतं, रमाकांतनं त्याला हात लावू दिला नव्हता. दिवेलागणीला पलीकडून गोदामावशीचा आवाज आला, “दगडू, आज कौसाची पाळी.” मी ट्रंकेतून तेल काढलं, दिवा पुसला, वात केली. दिवा भोकात ठेवला आणि पळी दगडावर दोनदा वाजवली. तोंडातून “लागला” निघेना. मी नुसता भिंतीला धरून उभा राहिलो.

“दिसला गं,” पलीकडून उत्तर आलं.

गं म्हणाली ती. मग तिचा चेहरा दिव्यामागं आला.

“दगडू, तू सांगितलं होतंस ना रे तिला? मी रोज उत्तर देते म्हणून?”

मी सांगितलं नव्हतं. विसरलो नव्हतो. ओठांवर आलेलं मी गिळलं होतं, दोनदा, तीनदा, कारण तिला कळलं असतं तर ती त्या घरातून हलली नसती. दोन महिने रोज संध्याकाळी माझी आई पळी वाजवून कान देऊन उभी राहिली, आणि गोदीनं आपल्याला टाकलं असं समजून तिनं ट्रंक भरली.

“सांगितलं होतं मावशी,” मी म्हणालो.

“मग काय म्हणाली?”

“हसली.”

“हसली?” गोदामावशीनं पदरानं डोळे पुसले. “बरं झालं बाई. मला तोच घोर होता.”

त्यानंतर अडीच वर्षं ती होती, आणि मी दर दिवसाआड स्टेशनवरून सायकल मारत जाऊन आईची पाळी लावली. पुढं रमाकांतनं दुकान विकलं, आता तिथं कॉफी मिळते आणि देवळीत काचेआड बल्ब लावलाय. पण ती होती तोवर महिन्यातून एकदा तरी विचारायचीच, कौसा काय म्हणाली रे तेव्हा? आणि मी दर वेळी थोडं थोडं घालत गेलो. हसली. म्हणाली, गोदी वेडी आहे. म्हणाली, ऐकू येत नसलं तरी मला कळतं गं तिचं. गोदामावशी मधेच काहीतरी विचारून बघायची, या बाजूनं, त्या बाजूनं. कुठंही सांधा सापडला नाही तिला. ती समाधानानं गेली.